शाळेतले वक्तृत्व आणि महाविद्यालयातले बोलणे

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे: लातूर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी शिकताना तुम्ही शालेय वक्तृत्व स्पर्धांत बक्षिसे मिळवली. यंदा पुण्यात बी. एस्सी.च्या प्रथम वर्षाला प्रवेश घेतला. मात्र येथे वर्गात एखाद्या विषयाचे सादरीकरण करताना, किंवा चिठ्ठी उचलून आयत्या वेळी बोलताना, तोंडून शब्द फुटत नाहीत. शाळेत जमत होते ते आता का जमत नाही, नव्याने काय शिकावे, आणि स्पर्धांत यंदाच उतरावे की वर्षभर थांबावे, अशी तीन प्रकारची विचारणा तुम्ही केली आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वक्तृत्व शिकवण्यात आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसून त्यांची भाषणे ऐकण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. प्रथम वर्षाच्या मुलामुलींकडून हीच अडचण मी वारंवार ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचे शाळेतले काहीही वाया गेलेले नाही. सभेपुढे उभे राहण्याचा धीटपणा, मोकळा आवाज आणि उत्तम स्मरणशक्ती ही तिन्ही तुमच्याकडे आजही आहेत. मात्र शाळेत तुम्ही जे करत होता ते बहुतांशी दुसऱ्याने लिहून दिलेल्या मजकुराचे पाठांतर होते. बाईंनी किंवा घरच्यांनी भाषण लिहून द्यायचे, ते तोंडपाठ करायचे, कोठे हात वर करायचा आणि कोठे आवाज चढवायचा हेही ठरवून घ्यायचे, आणि घंटा वाजण्याआधी ते बिनचूक म्हणून दाखवायचे. उभे राहून विचार करणे आणि सुचलेला विचार त्याच क्षणी वाक्यात बसवणे, हे काम तुमच्याकडून कोणी कधी मागितलेच नव्हते. महाविद्यालयात नेमके तेच मागितले जाते. तेव्हा तुम्हाला नवे शिकायचे आहे ते बोलता बोलता विचार करणे, आणि त्यासाठी सर्वांत आधी पाठांतराची सवय सोडणे.

पाठांतर वाईट का, हे नीट समजून घ्या, नाहीतर अडचणीच्या वेळी तुम्ही पुन्हा त्याच्याच आश्रयाला जाल. पाठ केलेल्या मजकुरात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याच्या आधाराने आठवते. मधले एक वाक्य निसटले की पुढची सगळीच निसटतात, कारण वक्त्याला मुद्दा ठाऊक नसतो, शब्दांचा क्रम तेवढा ठाऊक असतो. परीक्षकाच्या खुर्चीतून हा क्षण दुरूनही ओळखता येतो. मुलाची नजर समोरच्या लोकांवरून उठते आणि सभागृहाच्या वरच्या कोपऱ्यात जाते, ओठ हलतात पण आवाज येत नाही, मग तो मागचे पूर्ण वाक्य पुन्हा म्हणतो, या आशेने की त्या वेगात पुढचे सापडेल. अडखळला नाही तरी त्याचे सगळे लक्ष आत, स्मरणाकडे लागलेले असते. श्रोत्यांपैकी कोणाला समजले, कोण कंटाळले, कोणाच्या कपाळावर आठी पडली, हे त्याला दिसत नाही. श्रोत्यांनाही ते जाणवते. आपल्याशी कोणी बोलत नसून आपल्यापुढे काहीतरी म्हणून दाखवत आहे, एवढे कळायला त्यांना अर्धे मिनिट पुरते.

त्यात लिहिलेली भाषा आणि बोललेली भाषा यांत अंतर असते. लेखात वाचक एखादे लांब वाक्य परत वाचू शकतो, तर श्रोत्याला ते एकदाच ऐकायला मिळते. म्हणून जे कागदावर भारदस्त दिसते ते सभेत डोक्यावरून जाते. भाषण लिहून काढून पाठ करणारा विद्यार्थी नकळत निबंध पाठ करतो.

आता तयारी कशी करावी ते एका उदाहरणाने सांगतो. समजा विषय आहे ‘पाणी : उद्याचे संकट’. या विषयावरची निम्मी भाषणे ‘पृथिव्यां त्रीणि रत्नानि’ या सुभाषिताने सुरू होतात आणि उरलेली ‘पाणी म्हणजे जीवन’ या वाक्याने. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या सभागृहातल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक आहेत, त्यामुळे त्या ऐकताना कोणीही मान वर करून पाहत नाही. तुम्ही लातूरकडच्या आहात. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली, तेव्हा तुम्ही प्राथमिक शाळेत असाल. त्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पाच लाख लिटर हा आकडा ऐकायला प्रचंड वाटतो. पण २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. भागाकार केला तर माणशी दीड लिटरही भरत नाही. सुमारे साडेतीनशे किलोमीटर धावून आलेली एक अख्खी रेल्वे, आणि वाट्याला दीड लिटरसुद्धा नाही. हे वाक्य तुम्ही साध्या आवाजात, हात न उंचावता म्हटले तरी सभागृह शांत होते, कारण प्रत्येक जण मनातल्या मनात आपली आंघोळीची बादली मोजू लागतो.

तुमचे भाषण येथून सुरू झाले पाहिजे. पुढे काय सांगायचे ते आपोआप दिसू लागते. शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे कशाने पडले? ते पाऊस न झाल्याने, एवढेच उत्तर आहे, की लाभक्षेत्रात कोणते पीक किती पाणी पीत होते हाही त्या उत्तराचा भाग आहे? पाणीवाटपाच्या ठिकाणी तंटे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले होते. पाण्यासाठी माणसे एकत्र जमणे ही कायदा-सुव्यवस्थेची बाब व्हावी, याचा अर्थ आपण काय लावायचा? आणि घरी आईला, आजीला विचारा की त्या उन्हाळ्यात टँकर किती दिवसांनी येत असे, घागरींची रांग कोठपर्यंत लागे, रात्री कोण जागे राहत असे. त्यांनी सांगितलेली एक नेमकी गोष्ट तुमच्या भाषणात आली, तर ती दुसऱ्या कोणत्याही स्पर्धकाच्या भाषणात असणार नाही.

एवढी सामग्री जमली की मोह आवरा. सात मिनिटांच्या भाषणात तीन मुद्दे नीट मांडता येतात, चौथा घातला की आधीचे तिन्ही उथळ होतात. मराठीत सभेला समजेल अशा गतीने बोलायचे तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, असा माझा अनुभव आहे. म्हणजे सात मिनिटांत सातशे शब्द, फुलस्केपची जेमतेम दोन-अडीच पाने. आधी एका वाक्यात लिहून काढा की या लोकांना मला नेमके काय पटवायचे आहे. ते वाक्य लिहिता येत नसेल तर भाषण तयार नाही, मग माहिती कितीही गोळा झालेली असो. मग पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन मुद्दे आणि त्यांतले आकडे, तारखा, नावे एवढेच टिपा, वाक्ये लिहू नका. त्यानंतर उभे राहून, मोठ्याने, कागद हातात धरून ते भाषण बोला. पहिल्या वेळी फार वाईट होईल, वाक्ये अर्धवट सुटतील, ‘म्हणजे’ आणि ‘तर मग’ यांची गर्दी होईल. लगेच दुसऱ्यांदा बोला, पण मुद्दाम वेगळ्या शब्दांत. तिसऱ्यांदा आणखी वेगळ्या. तीन वेळा तीन तऱ्हांनी बोलल्यावर तो मुद्दा तुमच्या मनात शब्दांपासून सुटा होतो, आणि एक शब्द विसरला तर दुसरा सहज पुढे येतो. शब्दशः पाठ ठेवायची ती दोनच वाक्ये, पहिले आणि शेवटचे. पहिले अशासाठी की त्या वेळी छाती सर्वांत जास्त धडधडत असते. आणि शेवटचे अशासाठी की कोठे थांबायचे हे ठाऊक नसलेला वक्ता ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ म्हणत आणखी दोन मिनिटे बोलत राहतो.

‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ ही शाळेतली सुरुवात आता सोडून द्या. अध्यक्ष, परीक्षक आणि उपस्थित यांना एका वाक्यात नमस्कार करा, क्षणभर थांबा, आणि विषयाला हात घाला.

आयत्या वेळी बोलण्याचे म्हणाल, तर उत्स्फूर्त वक्तृत्वही पूर्णपणे आयत्या वेळचे नसते. चिठ्ठीवर विषय येतो ‘खिडकी’, ‘मौन’ किंवा ‘माझ्या गावचा एसटी स्टँड’ असा, आणि विचाराला पाच-दहा मिनिटे मिळतात. नवखा विद्यार्थी ती मिनिटे सुविचार आणि कवितेच्या ओळी आठवण्यात घालवतो. तुम्ही त्या वेळात तीनच प्रश्न स्वतःला विचारा: या विषयाशी माझा प्रत्यक्ष संबंध कोठे आला, त्यातून मला कोणता प्रश्न पडला, आणि त्यावर आज माझे मत काय आहे. एसटी स्टँडचा विषय आला तर सकाळच्या पहिल्या गाडीने महाविद्यालय गाठणाऱ्या मुली, गाडी चुकली तर बुडणारी प्रात्यक्षिके, आणि गावात शेवटची गाडी किती वाजता येते यावर मुलीचे शिक्षण कसे अवलंबून राहते, एवढे तीन टप्पे पुरेसे आहेत. आपल्याकडे नारदीय कीर्तनाची रचना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. पूर्वरंगात कीर्तनकार एखादे पद किंवा अभंग घेऊन त्याचे निरूपण करतात, आणि उत्तररंगात तोच विचार एखाद्या आख्यानातून उभा करतात. विचार आणि गोष्ट एकमेकांना कशी धरून राहतात, मुद्दा पुन्हा आठवून देताना कीर्तनकार तेच शब्द न वापरता काय करतात, हे जवळच्या मंदिरात दोन-तीन कीर्तने मन लावून ऐकली तरी कळेल.

ऐकण्याबद्दल आणखी थोडे सांगतो, कारण चांगले वक्ते आधी चांगले श्रोते असतात आणि तुम्ही पुण्यात आहात. येथे न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि ती आजही उन्हाळ्यात भरते. तिच्यामागच्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा आहे. तेथे जाऊन बसताना केवळ विषय ऐकू नका. वही घेऊन जा आणि वक्त्याने पहिल्या दोन मिनिटांत काय केले, कोठे थांबला, आकडा सांगितल्यावर त्याचा अर्थ कसा लावून दिला, सभा चुळबुळू लागली तेव्हा त्याने काय बदलले, एवढेच टिपून घ्या. वाचायचे असेल तर लोकमान्य टिळकांची १९१६ सालची बेळगाव आणि अहमदनगर येथील स्वराज्यावरची भाषणे वाचा. सरकारने ती लघुलेखकांकडून टिपून घेतली होती आणि त्यांवरून टिळकांवर खटलाही भरला होता, जो पुढे मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही. त्या टिपणांमुळे शंभर वर्षांपूर्वीचे बोललेले मराठी गद्य आपल्या हाती राहिले आहे. स्वराज्य म्हणजे काय, असा प्रश्न सभेपुढे ठेवून त्याचे उत्तर सामान्य माणसाला कळेल अशा रीतीने पायरीपायरीने उलगडणे, हे त्यांत पाहायला मिळते. आणि गुंतागुंतीचा विषय थोडक्या भागांत कसा बांधावा हे पाहायचे असेल, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ रोजीचे संविधान सभेतील भाषण अनुवादातून का होईना, पूर्ण वाचा. घटनात्मक मार्ग, विभूतिपूजेचा धोका आणि सामाजिक लोकशाही हे त्यातले तीन इशारे एकदा वाचल्यावर विसरता येत नाहीत, याचे मोठे श्रेय त्यांच्या मांडणीला आहे.

भीतीविषयी तुम्ही फार लिहिले आहे, पण मला तिची तेवढी काळजी वाटत नाही. तोंडाला कोरड पडणे, गुडघे थरथरणे, आवाज वर चढणे हे शरीर सावध झाल्याचे लक्षण आहे आणि अनुभवी वक्त्यांनाही ते चुकत नाही. त्यावर काही साधे उपाय आहेत. आपले नाव पुकारण्याआधी खुर्चीत बसल्या बसल्या पाच-सहा वेळा पोटापर्यंत श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा, कारण भीतीने श्वास छातीतच अडकतो आणि आवाज त्यामुळेच चिरकतो. व्यासपीठावर गेल्यावर लगेच तोंड उघडू नका. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा, ध्वनिवर्धक आपल्या उंचीला आणा, तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर ठेवा, आणि एकदा सभेकडे पाहा. ध्वनिवर्धकावर टिचकी मारणे किंवा फुंकर घालणे टाळा. ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचे फटके बसत असतील तर तो किंचित बाजूला वळवा. नजर छतावर किंवा मागच्या भिंतीवर ठेवा असा सल्ला अनेक जण देतात, तो मला मुळीच मान्य नाही. सभागृहाच्या तीन भागांतली तीन माणसे निवडा आणि एक पूर्ण वाक्य एकाकडे पाहून बोला, पुढचे दुसऱ्याकडे पाहून. हातांचे वेगळे शिक्षण घेण्याची गरज नाही, मन बोलण्यात असले की हात आपले काम करतात. बसवलेले हातवारे मात्र लगेच उघडे पडतात.

तुमच्या बोलीबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते वाचून वाईट वाटले. पुण्यातल्या मुलांसमोर मराठवाड्याचा हेल येतो म्हणून तुम्ही गप्प राहता, असे करू नका. न आणि ण, श आणि स, ल आणि ळ हे उच्चार स्पष्ट असावेत, शब्दाचे शेवटचे अक्षर गिळले जाऊ नये, एवढी काळजी अवश्य घ्या, कारण त्यावर समजणे अवलंबून असते. वर्तमानपत्रातला अग्रलेख रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचला तर काही महिन्यांत फरक पडतो. पण तुमचा हेल हा उच्चारदोष नाही. हेल लपवण्यात ज्यांची निम्मी शक्ती जाते त्यांचे भाषण निर्जीव होते, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि एखादा परीक्षक केवळ हेलावरून गुण कापत असेल तर तो आपले काम चुकीचे करतो असे मी स्पष्टपणे म्हणेन. वर्गातले सादरीकरण इंग्रजीतून करावे लागते त्याचा उपायही याच पद्धतीत आहे. ते आधी मराठीतून मोठ्याने बोलून पाहा, मुद्दे पक्के करा, आणि मग इंग्रजीत छोट्या वाक्यांनी बोला. पडद्यावरच्या स्लाइडवर वाक्ये लिहून ती वाचून दाखवणे हे पाठांतराचेच दुसरे रूप आहे.

सरावासाठी आठवड्यातून दोनदा, कोणताही विषय घेऊन, तीन मिनिटे बोला आणि मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित करा. स्वतःचा आवाज ऐकणे सुरुवातीला नकोसे होते, तरी ऐका. एकदा केवळ मुद्द्यांसाठी ऐका आणि एकदा केवळ श्वास, गती आणि पालुपदे यांच्यासाठी. दोन्ही एकदम शोधू गेलात तर काहीच हाती लागत नाही. जमल्यास दुसऱ्या शाखेतल्या मैत्रिणीला ऐकवा आणि ‘कसे झाले’ असे न विचारता ‘मी काय म्हणाले ते सांग’ असे विचारा. तिने सांगितलेले आणि तुम्ही सुरुवातीला लिहिलेले ते एक वाक्य यांत किती अंतर पडले, तेवढे काम बाकी आहे.

महाविद्यालयात बोलायच्या जागा तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत, मात्र त्या मोठ्या व्यासपीठावर नाहीत. आभारप्रदर्शन कोणालाच नको असते, ते मागून घ्या. चांगले आभार मानायचे तर पूर्ण कार्यक्रम लक्ष देऊन ऐकावा लागतो, पाहुण्यांच्या भाषणातला एक मुद्दा नेमका उचलावा लागतो आणि दीड मिनिटात संपवावे लागते. आयत्या वेळी बोलण्याचा यापेक्षा चांगला सराव मला ठाऊक नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर खेड्यात भरते, तेथे बचत गटाच्या बायकांपुढे किंवा पारावर जमलेल्या लोकांपुढे पाच मिनिटे बोलण्याची संधी मिळाली तर सोडू नका. ते श्रोते तुमच्यावर उपकार म्हणून बसून राहत नाहीत. कंटाळा आला की उठून जातात, त्यामुळे आपले कोठे चुकले ते लगेच कळते.

राहिला स्पर्धांचा प्रश्न. यंदाच उतरा, पण पहिल्या सत्रात तयारीच्या वक्तृत्वापेक्षा उत्स्फूर्त स्पर्धांत नाव द्या, कारण तेथे पाठांतराला वावच नसतो. दुसऱ्या सत्रात वादविवादाला जा, आणि जी बाजू तुम्हाला पटत नाही तीच पहिल्यांदा मागून घ्या. नियमपत्रक नीट वाचा: वेळ, इशाऱ्याची घंटा कितव्या मिनिटाला होते, वेळ ओलांडल्यास किती गुण वजा होतात, आशय, भाषा आणि सादरीकरण यांना प्रत्येकी किती गुण आहेत. इशाऱ्याची घंटा झाली की चालू मुद्दा दोन वाक्यांत संपवून पाठ ठेवलेल्या शेवटच्या वाक्याकडे या, राहिलेला मुद्दा कितीही आवडता असला तरी तो सोडून द्या. निकाल लागल्यावर बक्षीस मिळो न मिळो, परीक्षकांना भेटून एकच प्रश्न विचारा की माझे भाषण ऐकताना तुमचे लक्ष कोठे उडाले. बहुतेक परीक्षक याचे प्रामाणिक उत्तर देतात. ते उत्तर त्याच दिवशी वहीत उतरवून घ्या, आणि पुढच्या आठवड्याच्या सरावात आधी तेवढीच एक गोष्ट दुरुस्त करा.